मुरुममधले जलविमान

मुरुम हे आमच्या गावाचे नाव आणि रस्त्यावर पसरतात त्या तांबड्या खडीचेही नाव. बाहेरगावच्या माणसाला या नावाचे हसू येते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. गावाजवळून बेनीतुरा वाहते, पण तिचे पात्र वर्षातले बरेच महिने पाण्यापेक्षा वाळूचेच असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला 'जलदूत' रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या दुष्काळाच्या पट्ट्यातलाच हा उमरगा तालुका. अशा गावात बसून मी गेले दीड वर्ष पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा अभ्यास करतो आहे आणि त्यातल्या एकाची लाकडी प्रतिकृतीही तयार केली आहे. हे विमान एका जपानी चित्रपटातले आहे. जगात ते तसे कधीच नव्हते. तरीही त्याचा माग काढत गेलो तेव्हा तो बाल्टिमोर, व्हेनिस आणि साउदम्प्टन फिरून शेवटी हैदराबाद संस्थानात, म्हणजे आमच्याच शिवारात येऊन पोचला. तो माग वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

चित्रपट आणि त्याचे मूळ

हायाओ मियाझाकी यांचा 'पोर्को रोस्सो' हा ॲनिमेशनपट १९९२ च्या जुलैमध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. नावाचा अर्थ 'लाल डुक्कर'. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यामधल्या एड्रियाटिक समुद्रावर एक वैमानिक आपल्या लाल जलविमानातून हवाई चाच्यांशी लढत असतो. पहिल्या महायुद्धात सोबती गमावल्यानंतर त्याचा चेहरा डुकराचा झाला आहे. इटलीत फॅसिस्टांचे राज्य आले आहे, जुने मित्र त्याला वायुदलात परत बोलावतात आणि तो जात नाही. कथा विनोदी आहे, पण तिच्या तळाशी हा नकार आहे.

चित्रपटाची सुरुवात साधी होती. 'मॉडेल ग्राफिक्स' या जपानी मासिकात, म्हणजे प्रतिकृती करणाऱ्या छांदिष्टांच्याच मासिकात, मियाझाकींनी काढलेली एक छोटी चित्रकथा हे त्याचे मूळ. जपान एअरलाइन्सच्या प्रवाशांसाठी विमानात दाखवायचा छोटा चित्रपट, अशी पहिली योजना होती. पण १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटला, दुब्रोव्हनिकला वेढा पडला आणि ज्या किनाऱ्यावर ही गंमत घडायची होती तिथेच खरे युद्ध पेटले. चित्रपट लांबला आणि गंभीरही झाला. मियाझाकींच्या स्वतःच्या घरातही विमान आणि युद्ध यांची गाठ होती. त्यांच्या कुटुंबाचा कारखाना दुसऱ्या महायुद्धात 'झिरो' या जपानी लढाऊ विमानाचे सुटे भाग बनवत असे. विमानाचे वेड आणि विमानाने केलेल्या संहाराची लाज, दोन्ही त्यांच्या बहुतेक चित्रपटांत शेजारी शेजारी राहतात. त्यांच्या 'घिब्ली' या संस्थेचे नावसुद्धा इटलीच्या एका लष्करी टेहळणी विमानावरून घेतलेले आहे.

हा चित्रपट मला पुतणीने दाखवला. ती अभियांत्रिकीला आहे. तिला त्यातल्या फिओ या सतरा वर्षांच्या मुलीचे अप्रूप. विमानाचा नवा आराखडा ही मुलगी करते आणि मिलानच्या त्या कारखान्यात पुरुष कामधंद्यासाठी परगावी गेल्यामुळे घरातल्या बायाच विमान बांधतात. "काका, तुम्ही इतिहासवाले. हे विमान खरं होतं का ते सांगा," असे ती म्हणाली. प्रश्न सरळ होता. उत्तर शोधायला वेळ लागला.

नाव एकाचे, अंग दुसऱ्याचे

चित्रपटात विमानाचे नाव सावोया एस.२१ असे आहे. या नावाचे विमान खरोखर होते. इटलीच्या सावोया कंपनीने ते १९२१ च्या श्नायडर चषक शर्यतीसाठी बांधले. पण ते दुपंखी होते, म्हणजे एकावर एक असे दोन पंख असलेले, आणि वैमानिक आजारी पडल्याने ते त्या शर्यतीत उतरलेच नाही. पडद्यावरचे लाल विमान मात्र एकपंखी आहे. खाली होडीसारखे अंग, त्यावर पंख आणि पंखाच्याही वर खांबांवर बसवलेले इंजिन. ही ठेवण दुसऱ्याच एका इटालियन विमानाशी जुळते. ते मारिओ कास्तोल्दी यांनी आखलेले माक्की एम.३३. नाव एकाचे आणि अंग दुसऱ्याचे घेऊन मियाझाकींनी तिसरेच विमान घडवले.

एम.३३ ची ओळख १९२५ च्या बाल्टिमोरच्या शर्यतीने होते. ही शर्यत समजली म्हणजे पुढचा सगळा इतिहास उलगडतो, म्हणून थोडे थांबतो.

जाक श्नायडर या फ्रेंच धनिकाने हा चषक ठेवला आणि १९१३ मध्ये मोनॅको इथे पहिली शर्यत झाली. त्या काळी धावपट्ट्या कमी होत्या आणि पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याखाली होता. तेव्हा उद्याचे विमान पाण्यावरूनच उडेल, असा हिशेब होता. सलग पाच वर्षांत तीनदा जिंकणाऱ्या देशाकडे चषक कायमचा राहणार होता. हळूहळू छंदाची शर्यत राष्ट्रांची झाली आणि खर्च सरकारी तिजोऱ्यांतून होऊ लागला.

१९२५ मध्ये बाल्टिमोरला अमेरिकेचा जिमी डूलिटल कर्टिस आर३सी-२ घेऊन ताशी सुमारे ३७४ किलोमीटरच्या वेगाने पहिला आला. चित्रपटात लाल विमानाचा प्रतिस्पर्धी अमेरिकन आहे, त्याचे आडनाव कर्टिस आहे आणि त्याचे विमानही याच घराण्यातले आहे. तो योगायोग नव्हे. इटलीचे एम.३३ ताशी सुमारे २७१ किलोमीटर वेगाने तिसरे आले. आणि रेजिनाल्ड मिचेल या तरुण इंग्रज अभियंत्याने आखलेले सुपरमरीन एस.४ हे देखणे एकपंखी विमान शर्यतीआधीच पाण्यात कोसळले. वैमानिक वाचला.

या एकाच शर्यतीत तीन वाटा दिसतात. पहिली अमेरिकेची, जिने पुढच्या वर्षानंतर शर्यतीतून अंग काढून घेतले. दुसरी इटलीची. तिच्यासाठी जलविमान हे मुसोलिनीच्या राजवटीच्या दिमाखाचे साधन झाले. १९३३ मध्ये इतालो बाल्बो सावोया-मार्केत्ती एस.५५ या जलविमानांचा चोवीस विमानांचा ताफा अटलांटिक ओलांडून शिकागोला घेऊन गेला. चित्रपटातले लाल विमान ज्या कंपनीचे नाव लावते, तिचीच ही विमाने. २३ ऑक्टोबर १९३४ रोजी फ्रांचेस्को आजेल्लो माक्की एम.सी.७२ मधून ताशी ७०९ किलोमीटर वेगाने उडाला. पंख्याच्या इंजिनावर चालणाऱ्या जलविमानांत तो विक्रम आजही मोडलेला नाही. तिसरी वाट मिचेलची, आणि आपल्या मराठवाड्याचा संबंध तिच्याशी येतो. तिकडे जाण्याआधी प्रतिकृतीबद्दल दोन शब्द.

लाकूड, पाणी आणि एक पायरी

जपानमध्ये या विमानाचे प्लॅस्टिकचे जोडणी-संच मिळतात. फाइन मोल्ड्स ही कंपनी ते बनवते. आम्ही मात्र लाकूड निवडले. पुतणीने पडद्यावरची दृश्ये थांबवून थांबवून समोरून, बाजूने आणि वरून अशी तीन चित्रे काढली. चित्रपटातल्या विमानाला अधिकृत मापे नसतात, म्हणून खऱ्या एस.२१ च्या पंखाचा विस्तार, म्हणजे सुमारे ७.७ मीटर, आधाराला घेतला. एकास चोवीस या प्रमाणात तो ३२ सेंटीमीटर येतो. लाकूड पांगाऱ्याचे. सावंतवाडीची खेळणी ज्या हलक्या लाकडाची होतात, तेच. गावातल्या सुतारमामांनी ठोकळा हातात घेतला, चित्र पाहिले आणि विचारले, "सर, हे होडगं हाय का इमान?"

हा प्रश्न ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनाही पडलेला होता. जलविमाने दोन जातींची असतात. एका जातीत साध्या विमानाला चाकांऐवजी तरंगे लावतात. दुसऱ्या जातीत विमानाचे पोटच नाव असते. आमचे दुसऱ्या जातीचे. नाव पाण्याला चिकटते आणि विमानाला तर पाणी सोडायचे असते. वेग वाढला तरी पोटाची गोलाई पाण्याला ओढून धरते. यावर तोड निघाली ती अगदी साधी. पोटाखाली, मध्याच्या जरा मागे, आडवी पायरी कापायची. वेगात पाणी त्या पायरीवरून सुटते, मागे हवा शिरते, चिकटण तुटते आणि नाव पाण्यावर घसरू लागते. मामांनी पटाशीने ती पायरी कापली, कडा कानशीने धारदार ठेवली, बाकी अंगाला रंधा मारून पॉलिश पेपरने घासले. आतून कोरून पोकळ केले, सांध्यांत लांबी भरली आणि मग लाल रंगाचे हात दिले.

वजनाचा हिशेब पुतणीने केला. लांबी चोवीस पटीने लहान झाली की आकारमान चोवीसच्या घनाने, म्हणजे १३,८२४ पटीने लहान होते. हजार किलोच्या विमानाची खरी प्रतिकृती ७२ ग्रॅमची हवी. लाकडाला ते साधणे कठीण. पण पाण्यावर ती कशी बसते हे पाहायला वजन जुळावेच लागते. वेगाचा नियम निराळा. नावांच्या प्रतिकृती हौदात ओढून विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात तो घालून दिला. वेग लांबीच्या वर्गमुळाने कमी होतो. खरे विमान ताशी १०० किलोमीटरला पाणी सोडत असेल, तर आमचे सुमारे २० किलोमीटरला सोडायला हवे. शेतातल्या हौदात दोरी बांधून ओढताना पायरीमागे पाणी सुटलेले आम्ही पाहिले. लाटांचे आणि तुषारांचे वागणे मात्र प्रमाणात लहान होत नाही. पाण्याचा थेंब प्रतिकृतीसाठी वेगळा बनत नाही.

इंजिन इतके उंच का, हेही हातात घेतल्यावर कळते. पंखा तुषारांपासून वाचवायचा असतो. पण उंचावरचे इंजिन जोरात चालवले की ते विमानाचे नाक खाली दाबते. प्रत्येक सोयीची अशी किंमत असते. इतिहासातही तोच हिशेब चालतो.

हैदराबादची विमाने

आता मिचेल. एस.४ बुडाल्यावर त्याने एस.५ आखले आणि १९२७ मध्ये व्हेनिसला शर्यत जिंकली. १९२९ मध्ये एस.६ ने जिंकली. १९३१ मध्ये इंग्लंडचे सरकार खर्चाला नाही म्हणाले, तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य बाईंनी एक लाख पौंड दिले. एस.६बी ताशी सुमारे ५४७ किलोमीटर वेगाने उडाले आणि चषक कायमचा इंग्लंडला गेला. ५ मार्च १९३६ रोजी मिचेलचे नवे विमान प्रथम उडाले. ते स्पिटफायर. स्पिटफायर हे शर्यतीच्या जलविमानाचे थेट अपत्य, असे सांगण्याची पद्धत आहे. ते तंतोतंत खरे नाही. पंख वेगळे, इंजिन वेगळे. पण पत्र्याचे निमुळते अंग, इंजिन थंड राखण्याचे कसब आणि मोठ्या वेगाचा अनुभव हे सारे त्या शर्यतींत कमावलेले होते. मिचेल १९३७ च्या जूनमध्ये वारला. आपल्या विमानाने केलेले युद्ध त्याने पाहिले नाही.

ते युद्ध ज्या तुकड्या लढल्या, त्यांतल्या एकीचे नाव होते १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरून स्पिटफायर उडवत होती आणि तिच्या बोधचिन्हात निजामाचे शिरोभूषण होते. २५३ क्रमांकाच्या तुकडीचे नावही हैदराबाद संस्थानाचेच. हे नाते आणखी जुने आहे. १९१८ मध्ये ११० क्रमांकाच्या तुकडीला मिळालेली डीएच-९ए बॉम्बफेकी विमाने निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिली होती. त्या प्रत्येक विमानावर ही निजामाची भेट आहे, असा लेख होता. तीही तुकडी पुढे हैदराबादच्या नावाने ओळखली गेली.

याच निजामाच्या नावाने आमचा जिल्हा जवळपास शतकभर उस्मानाबाद म्हणवला. २०२३ मध्ये तो पुन्हा धाराशिव झाला. संस्थानाच्या उत्पन्नात शेतसाऱ्याचा हिस्सा मोठा होता आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे त्या संस्थानात होते. युरोपच्या आकाशात उडणाऱ्या त्या विमानांच्या किमतीत आमच्या ज्वारीचा आणि तुरीचा वाटा होता. वाटा देणाऱ्याला मात्र कोणी विचारले नव्हते. बाल्बोच्या ताफ्याचे पैसे इटलीच्या शेतकऱ्याला विचारून खर्च झाले नव्हते, तसेच हे. विमान हा त्या काळी सत्तेचा अलंकार होता आणि अलंकार कोणाच्या घामाचा, हे त्यावर कोरलेले नसते. डीएच-९ए वर देणाऱ्याचे नाव होते, पिकवणाऱ्याचे नव्हते.

सामान्य माणसाला जलविमान दिसण्याची त्या काळची जागा आमच्यापासून फार दूर होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पीरिअल एअरवेजच्या शॉर्ट कंपनीच्या मोठ्या उडत्या नावा कराचीहून राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद असे टप्पे घेत कलकत्त्याला जात. मेवाडच्या तलावावर विलायतेचे टपाल उतरे. दख्खन त्या मार्गावर नव्हती.

१९४८ : आकाशातून आलेले दोघे

दख्खनच्या आकाशात विमाने खऱ्या अर्थाने आली ती १९४८ मध्ये आणि ती दोन प्रकारची होती.

पहिली रात्रीची. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या आरमारी हवाई दलात होता. थंडीपासून वाचवणारा 'सिडकॉट' पोशाख त्याने शोधला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीस स्पिटफायरमधून बंदुका काढून कॅमेरे बसवण्याची आणि शत्रूची छायाचित्रे घेण्याची रीत त्याने रूढ केली. हाच माणूस १९४८ मध्ये लँकेस्ट्रियन विमानांतून कराचीहून निजामासाठी शस्त्रे आणत होता. ती बीदर आणि वरंगळला उतरत. बीदर आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास. पुढे इंग्लंडमध्ये त्याच्यावर खटला होऊन दंड झाला. मियाझाकींचे हवाई चाचे पाहताना मला कॉटन आठवतो. फरक एवढाच की, त्या चाच्यांना पडद्यावर माया लावता येते. कॉटनच्या पेट्या मात्र अशा भागात उतरत होत्या, जिथे रझाकारांच्या धाकाने लोक गावे सोडून पळत होते.

दुसरी दिवसाची. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरहून निघाली. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला, सकाळी नऊच्या सुमारास जळकोट घेतले गेले आणि दुपारी सव्वातीनला रणगाड्यांची तुकडी उमरग्यात पोचली. मुरुम तिथून वीसेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी राजेश्वरकडे जाताना वाटेवर दबा धरलेल्या जागा विमानांतून दिसल्या आणि टेम्पेस्ट विमानांनी हल्ला केला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि पाळावाच.

पण या लेखातून एक पान गाळणे मला योग्य वाटत नाही. पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत याच भागात मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सरकारच्या सांगण्यावरून आलेल्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. तिचा अंदाज २७ ते ४० हजार बळींचा होता. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार खरे आणि हेही खरे. एकाने दुसरे पुसले जात नाही. मुरुमसारख्या गावात दोन्ही आठवणी शेजारशेजारच्या गल्ल्यांत राहतात आणि बहुधा एकमेकींशी बोलत नाहीत.

काय हाती लागले

जलविमानाचे युग दुसऱ्या महायुद्धाने संपवले. युद्धासाठी जगभर काँक्रीटच्या धावपट्ट्या झाल्या आणि पाण्यावर उतरण्याची गरज उरली नाही. आपल्याकडे अधूनमधून त्याची आठवण निघते. २०१४ मध्ये जुहूहून लोणावळा परिसरात अशी सेवा सुरू झाली, २०१७ च्या डिसेंबरमध्ये गिरगाव चौपाटीच्या पाण्यावर एका खासगी कंपनीने प्रात्यक्षिक दाखवले. बातम्या झाल्या, रोजची वाहतूक झाली नाही.

पुतणीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. ते विमान खरे नव्हते, पण त्याचा एकही भाग खोटा नव्हता. पायरी खरी, इंजिनाची उंची खरी, शर्यत खरी, आणि ज्या राजवटीला तो वैमानिक नाही म्हणतो तीही खरी. खऱ्या वैमानिकांपैकी फार थोड्यांना तसे म्हणता आले. आजेल्लोचा विक्रम राजवटीच्या खात्यावर जमा झाला, मिचेलचे कसब युद्धाच्या, निजामाची देणगी साम्राज्याच्या आणि कॉटनचे धाडस ज्याच्याकडे पैसा त्याच्या. यंत्र कोणाचेही होते. मियाझाकींनी एका विमानापुरते ते कोणाचेच होऊ दिले नाही, आणि त्यासाठी त्यांना न झालेले विमान बांधावे लागले.

इतिहासाच्या अभ्यासकाला कल्पित विमानाचा मोह का पडावा, असे काही मित्रांनी विचारले. माझे उत्तर असे की, खऱ्या विमानांच्या कथा आपण बहुधा वैमानिकाच्या जागी बसून वाचतो. वेग, विक्रम, चषक. खाली कोण उभे होते आणि पैसे कोणी भरले, हे त्या जागेवरून दिसत नाही. मुरुमसारख्या ठिकाणाहून पाहिले तर आधी तेच दिसते. आमच्या वाट्याला आकाश नेहमी खालूनच आले. १९१८ मध्ये दानपत्राच्या रूपात, १९४८ मध्ये आवाजाच्या रूपात. त्या बाजूने इतिहास लिहायला अजून पुष्कळ जागा आहे. ज्यांच्या घरी त्या सप्टेंबरच्या आठवणी सांगणारी माणसे आहेत, त्यांनी त्या लिहून घ्याव्यात. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे निघाले आहे.